प्रश्न दुसरा (अ) यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. प्रश्न दुसरा (अ),
ऊर्फ ‘अधोरेखित अंकाची स्थानिक किंमत लिहा’,
मुक्काम : घटक चाचणी, सत्र परीक्षा, सराव पुस्तिका, शिष्यवृत्तीचं गाइड आणि प्रश्नपत्रिकेत जिथे म्हणून जागा उरेल तिथे.



सर्वप्रथम आपलं हार्दिक अभिनंदन. यंदाही आमच्या पाचवीच्या वर्गाला सर्वांत जास्त गुण आपणच मिळवून दिलेत. शाब्दिक उदाहरण आलं की निम्म्या वर्गाला तहान लागते, भागाकार आला की पेन्सिलींची टोकं एकाएकी मोडतात. आपलं आगमन झालं की मात्र सगळ्या माना खाली आणि सगळे हात चालू. पालक खूश, मुख्याध्यापक खूश, केंद्रप्रमुख तर वह्या चाळून ‘संख्याज्ञान उत्तम’ असा शेरा मारून जातात. सगळ्यांना इतकं सांभाळून घेणारा प्रश्न अख्ख्या अभ्यासक्रमात दुसरा नाही.

म्हणूनच म्हटलं, इतकी वर्षं आपण मुलांना तपासताय, एकदा आपल्यालाही कुणीतरी तपासावं.

आधी आपलं उत्तर कसं निघतं ते पाहू. समजा ६,४७,२०९ ही संख्या आहे आणि चाराखाली रेघ आहे. मूल चार उतरवून घेतं. चाराच्या उजवीकडे किती अंक आहेत ते बोटाने मोजतं. चार निघाले, म्हणून चारापुढे चार शून्यं. ४०,०००. बरोबरची खूण, एक गुण, पुढचा. या सगळ्या कारभारात सहा लाख सत्तेचाळीस हजार दोनशे नऊ ही संख्या कुणी वाचली का? वाचायची गरजच काय?

खात्री करून घ्यावी म्हणून मी एकदा फळ्यावर अंकांऐवजी चित्रं काढली. केळं, स्वल्पविराम, आंबा, पेरू, पुन्हा स्वल्पविराम, मग चिकू, द्राक्ष, बोर. आंब्याखाली रेघ मारली आणि म्हटलं, स्थानिक किंमत लिहा. वाटलं होतं, वर्ग हसेल. वर्गाने वह्या उघडल्या. थोड्याच वेळात उत्तरं आली : आंबा, आणि त्याच्यापुढे चार शून्यं. एका मुलीने आंब्याला देठसुद्धा काढला होता. आपल्या नियमाप्रमाणे तिला पैकीच्या पैकी द्यायला हवेत; मी दिले. संख्येचा पत्ता नसताना संख्याज्ञानात पूर्ण गुण मिळवून देण्याची ही किमया आपलीच.

आपला गोतावळाही मोठा आहे. आपले धाकटे बंधू प्रश्न दुसरा (आ), म्हणजे दर्शनी किंमतवाले. सातची दर्शनी किंमत किती? सात. तीनची? तीन. हा प्रश्न विचारणाऱ्याला नेमकं काय जाणून घ्यायचं असतं, हे मला नोकरीच्या इतक्या वर्षांत उमगलेलं नाही. मुलाला दिसतं की नाही एवढंच बघायचं असेल, तर त्यासाठी शालेय आरोग्य तपासणीचे डॉक्टर वर्षातून एकदा येऊन जातात. त्यांच्या कामात आपल्या बंधूंनी ढवळाढवळ करू नये.

आणि आपले थोरले चिरंजीव तर थेट शिष्यवृत्ती परीक्षेच्या गाइडात पोचलेत. ‘७३,४७३ या संख्येतील दोन्ही ७ च्या स्थानिक किमतींमधील फरक किती?’ सत्तर हजार वजा सत्तर, ६९,९३०, पर्याय क्रमांक तीन. हा फरक जगात कुणाला लागतो? वाण्याला, तलाठ्याला, इस्रोला? एकच शब्द बदलून ‘डावीकडचा ७ उजवीकडच्या ७ च्या किती पट?’ असं विचारलं असतं, तर उत्तर १,००० आलं असतं. तीन घरं डावीकडे सरकलं की दहा गुणिले दहा गुणिले दहा. संख्या लिहिण्याच्या आपल्या पद्धतीचा सगळा जीव त्या हजारात आहे. पण चिरंजीवांना वजाबाकीच हवी. वळण घराण्याचं, दुसरं काय.

आता जरा कटू बोलते. तेच पैकीच्या पैकीवालं मूल घेतलं आणि त्याला तोंडी सांगितलं, ‘लिही, एक लाख सहा हजार चाळीस.’ वहीत येतं १०००००६०००४०. कानावर पडलं तसं उतरवलं : लाख आला, लिहिला, सहा हजार आले, लिहिले, चाळीस आले, तेही लिहिले. बारा अंकी संख्या झाली तरी त्याला काही खटकत नाही. ‘३,०९९ नंतर कोणती संख्या येते?’ असं विचारलं तर निम्मा वर्ग ४,००० म्हणतो. आणि त्याच ३,०९९ मधल्या ३ ची स्थानिक किंमत विचारा, सगळे ३,००० सांगतील. किंमत पाठ आहे. ती तीन हजार एवढी का झाली आणि तिच्या शेजारच्या घराशी तिचं काय नातं, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. कारण आपण ते कधी विचारलंच नाहीत.

आता मुख्य आरोप. ३,४५० या संख्येत दशक किती?

आपण म्हणाल, पाच. गाइडही पाच म्हणतं. मुलंही पाच म्हणतात, हात वर करून, जोरात. आणि शनिवारच्या बाजारात ज्याच्या आईची भाजीची पाटी असते तो मुलगा डोकं खाजवून म्हणतो, ‘बाई, दहाच्या नोटा म्हणताय का? मग तीनशे पंचेचाळीस.’ वर्ग त्याला हसतो. उत्तरसूचीही त्याला हसते. वर्गात त्या दिवशी संख्या कळलेला तो एकटाच असतो.

दशकाच्या घरात पाच दिसतात, हे खरं. पण तीन हजारांच्या पोटात तीनशे दशक आहेत, चारशेच्या पोटात चाळीस आहेत, ते कुठे गेले? आपण प्रत्येक घराला दार लावून घेतलंत. दल, ल, दह, ह, श, द, ए अशी आडवी चाळ उभी केलीत आणि प्रत्येक खोलीत एक भाडेकरू बसवलात. कुणी कुणाकडे जायचं नाही, कुणी कुणाला काही द्यायचं नाही. प्रत्यक्षात तिथे सतत देवघेव चालू असते. दहा सुटे झाले की बांधून डावीकडे पाठवायचे, लागले की एक गठ्ठा सोडून उजवीकडे घ्यायचा. ही देवघेव म्हणजेच स्थानिक किंमत. आपण मात्र नुसत्या दारावरच्या पाट्या वाचून घेता.

त्या पाट्यांचा हिशेब वजाबाकीत चुकता करावा लागतो. ३,००४ मधून १,२७८ वजा करा. चारातून आठ जात नाहीत. शेजारी शून्य. त्याच्या शेजारीही शून्य. मग तिनाकडून हातचा आणायला निघालेलं मूल वाटेत कुठेतरी हरवतं. एका शून्याचे दहा होतात, मग नऊ होतात, दुसऱ्याचे दहाच राहतात, वहीवर इतकी खाडाखोड होते की खालची रेघही दिसत नाही. नाहीतर मूल शहाणपणाने सोपा मार्ग काढतं : जिथे तिथे मोठ्यातून लहान वजा. आठातून चार गेले चार, सातातून शून्य गेलं सात, असं करत २,२७४. हे उत्तर मी इतक्या वह्यांमध्ये पाहिलंय की आता ते ओळखीचं वाटतं.

आता बाजारातल्या त्या मुलाच्या डोक्याने बघा. ३,००४ म्हणजे ३०० दशक आणि ४ सुटे. एक दशक सोडला : २९९ दशक, १४ सुटे. चौदातून आठ गेले, सहा. २९९ मधून १२७ गेले, १७२. उत्तर १,७२६. संपलं. एकच गठ्ठा सुटला, दोन शून्यांना हातही लावावा लागला नाही. ‘तीन हजारांत तीनशे दशक असतात’ हे ज्याला कळलं, त्याचा हातचा हरवत नाही. जे आपण विचारत नाही, ते नेमकं इतकं उपयोगाचं आहे.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. कॉन्स्टन्स कामी नावाच्या अभ्यासक बाई होत्या, मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या हाताखाली शिकलेल्या. त्यांनी लहान मुलांपुढे १६ सोंगट्या ठेवल्या, १६ लिहून दाखवलं, आणि सहाच्या खाली बोट ठेवून विचारलं, हा भाग म्हणजे यातल्या किती सोंगट्या? मुलांनी सहा दाखवल्या. मग एकाच्या खाली बोट ठेवलं. कितीतरी मुलांनी एकच सोंगटी दाखवली. उरलेल्या नऊ सोंगट्या कुणाच्याच नाहीत, त्या तशाच टेबलावर. आपल्याला हे ऐकून वाईट वाटेल असं नाही. आपण त्या मुलांना लगेच विचाराल, ‘एकाची स्थानिक किंमत?’ आणि ती म्हणतील, ‘दहा’.

आपल्या पंथातलं आणखी एक वचन म्हणजे ‘दहाने गुणायचं तर शून्य जोडा’. तेही याच चाळीत राहतं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात काही संशोधक ग्राहक बनून रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांकडे गेले; त्यांचं काम १९८५ मध्ये प्रसिद्ध झालं. बारा वर्षांच्या एका नारळविक्या मुलाकडे दहा नारळ मागितले, नारळ पस्तीसला एक. शाळेतलं मूल पस्तिसाला शून्य जोडून मोकळं झालं असतं. हा म्हणाला, तीन नारळांचे एकशे पाच, आणखी तीन, दोनशे दहा, आणखी तीन, तीनशे पंधरा, आणि एक, साडेतीनशे. काही जण हे वाचून म्हणतात, बघा, बिचाऱ्याला शून्य जोडायचंही माहीत नाही. मी म्हणते, त्याच्या साडेतीनशेत दहा नारळ आहेत. आमच्या पोरांच्या साडेतीनशेत नुसतं शून्य आहे, आणि ते पुढे दशांश अपूर्णांकात दगा देतं : २.५ गुणिले १० बरोबर २.५०. शून्य जोडलं की नाही? जोडलं. मग बाई चूक का देतात?

२०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा अभ्यास आला, त्यातही हीच कथा. बाजारातली मुलं तोंडी हिशेब चोख करतात आणि तशीच उदाहरणं पाठ्यपुस्तकासारखी कागदावर आली की अडतात. शाळेत जाणारी मुलं कागदावरचं करतात आणि बाजारातला हिशेब समोर आला की गोंधळतात. मधली भिंत कुणी बांधली, असं मी विचारत नाही. पण गवंडीकामात आपला हात होता, हे नोंदवून ठेवते.

आपला इतिहासाचा व्यासंग किती आहे, कल्पना नाही. कधी जुन्नरकडून नाणेघाटात गेलात, तर तिथल्या गुहेत थांबा. सातवाहनांच्या काळातला लेख आहे, राणी नागनिकेच्या नावाशी जोडलेला. यज्ञांमध्ये दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, हत्ती, घोडे आणि कार्षापण यांचे आकडे त्यात कोरलेत. दोन हजार वर्षांपूर्वीचे आकडे, ब्राह्मी लिपीतले. तिथे दहाला वेगळी खूण आहे, वीसला वेगळी, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. चार हजार लिहायचे तर हजाराच्या खुणेला चाराची खूण जोडलेली. चाराची खूण कुठेही बसवा, जागेमुळे तिची किंमत दहापट होत नाही. म्हणजे त्या भिंतीवर आपल्याला कुठेही रेघ मारता येणार नाही. आपण तिथे बेकार.

पुढे काही शतकांनी कुणाच्या तरी डोक्यात आलं की खुणा नऊच पुरतील, किंमत जागा ठरवेल, आणि रिकाम्या जागेसाठी एक गोल असला की झालं. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ च्या लेखात २७० आहे, ५० आहे, दोन्हींत ते गोल शून्य आहे. माणसाच्या इतिहासातली ही किती मोठी उडी! आणि आपण काय केलंत? मुलांना परत नाणेघाटात नेऊन सोडलंत. आपल्या विद्यार्थ्याच्या मनात ‘दशहजार’ ही एक वेगळी खूण आहे, ‘शतक’ ही दुसरी वेगळी खूण, एकमेकींशी संबंध नसलेल्या. पाचवीच्या पुस्तकात रोमन संख्याचिन्हंही आहेत, जिथे एक्स कुठेही बसला तरी दहाच. मुलांना तो धडा फार सोपा जातो. का, ते आता कळलं.

मध्ये एकदा, जून २०१९ मध्ये, मला वाटलं होतं आता आपली पाळी आली. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’, त्रेपन्नला ‘पन्नास तीन’ असं म्हणण्याची सोय केली होती. डॉ. मंगला नारळीकर गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं : त्रेपन्न ऐकताना आधी तीन ऐकू येतात, मूल आधी ३ लिहितं, मग पन्नास आठवून ५, आणि वहीत ३५ येतात. मोठ्या संख्येत तर हा उलटा फेरा प्रत्येक जोडीला घ्यावा लागतो. त्रेपन्न लाख सत्तेचाळीस हजार एकसष्ट लिहून घ्या कुणाकडून तरी, तीन वेळा कोलांटी मारावी लागते. उपाय कुणाला पटो न पटो, दुखणं खरं होतं. पण महाराष्ट्रात जे रण पेटलं! मराठी बुडाली, संस्कृती बुडाली, वाहिन्यांवर रोज तिरडी. विधानसभेतसुद्धा मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या विसाचं ‘दोन शून्य’ करून विनोद झाला. सभागृह हसलं. एकाच्याही ध्यानात आलं नाही की वीसला ‘दोन शून्य’ म्हणणं हीच ती चूक, जी आमची मुलं रोज करतात : अंक वाचायचे, संख्या वाचायची नाही. त्या गदारोळात नावांवर सगळे भांडले. आपण मागच्या बाकावर बसून होतात, आपल्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. पुढच्याच घटक चाचणीत आपण पुन्हा हजर.

स्वल्पविरामाबद्दल एकच सांगते. आपण तो इतका चोख छापून देता की मुलांना तो कुठे द्यायचा याचा विचारच करावा लागत नाही. मग सेमी-इंग्रजीतल्या मुलाला मोबाइलवर ७५०,००० दिसलं की तो म्हणतो, हे चुकीचं छापलंय. बिचारी संख्या तीच, कुलूप दुसऱ्या जागी.

आता आपल्या परोक्ष वर्गात काय झालं, ते सांगते. लाख म्हणजे किती मोठा, असं मी विचारलं. उत्तरं आली : खूप. मग मिलिमीटरचा आलेख कागद आणला आणि म्हटलं, यातले अगदी बारके चौकोन एक लाख हवेत, किती कागद लागेल? एक म्हणाला, वर्गभर. दुसरा म्हणाला, मैदानभर. तिसऱ्याने गावाची वेस गाठली. मग दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा कापला. एका कडेला शंभर बारके चौकोन, दुसऱ्या कडेला शंभर. त्या एवढ्याशा तुकड्यात दहा हजार. मुलांचा विश्वास बसेना. एकाने भिंगाने मोजायला घेतले, तिसऱ्या ओळीला कंटाळला आणि ‘प्रत्येक ओळीत शंभरच आहेत ना’ असं म्हणून गुणाकारावर आला. गुणाकार मुलांनी स्वतःहून मागावा, असे प्रसंग माझ्या आयुष्यात फार थोडे.

असे दहा तुकडे एकापुढे एक चिकटवले. एक मीटर लांब, वीतभरही रुंद नाही अशी पट्टी. हा लाख. वर्गाचा साफ हिरमोड झाला. लाख म्हणजे मैदान, असं वाटत होतं आणि निघाली चादरीची किनार. दहा पट्ट्या एकीशेजारी एक लावल्या, मीटर बाय मीटरचा चौरस झाला : दशलक्ष. आणि आता दहा चौरस म्हणजे कोटी. तेवढा कागद कुठून आणायचा, म्हणून खडूने फरशीवर आखलं. एक साधी दहा बाय अकरा फुटांची खोली भरते, त्याहून जरा कमीच. कोटी हा शब्द बातम्यांत रोज ऐकणारी मुलं पहिल्यांदाच त्याच्यावर उभी राहिली. दोघांनी तर चपला काढल्या.

मग कुणीतरी विचारलं, अख्खा वर्ग किती? टेपने मोजला. सहा मीटर बाय साडेसात मीटर, म्हणजे पंचेचाळीस चौरस मीटर. सगळे कागद-पेन्सिल घेऊन शून्यं मांडायला बसले. मागच्या बाकावर एक मुलगी असते, जी आपल्याकडे कधी फारशी चमकत नाही. ती बसल्या जागेवरून म्हणाली, ‘एक चौरस म्हणजे एक दशलक्ष. पंचेचाळीस दशलक्ष. म्हणजे साडेचार कोटी.’

तिने शून्यं मोजली नाहीत. चाळीस दशलक्षांचे चार कोटी बांधले, उरलेले पाच दशलक्ष म्हणजे अर्धा कोटी. ४,५०,००,०००.

आता आपण पुढे या, प्रश्न दुसरा (अ) साहेब, आणि तिला विचारा, ‘दशलक्षस्थानी कोणता अंक?’ ती म्हणेल, पाच. विचारा, ‘दशलक्ष किती?’ ती म्हणेल, पंचेचाळीस. आणि आपल्या उत्तरसूचीत तिचं दुसरं उत्तर चूक निघेल.

आपण इतके का टिकलात, हेही कळतं. आपल्याला जन्माला घालायला काही लागत नाही. कुठलीही संख्या घ्या, कुठेही रेघ मारा, झालात आपण तयार. एका पानावर वीस भावंडं मावतात. तपासायला सेकंद पुरतो, वाद होत नाही, पालक भांडायला येत नाहीत. सराव पुस्तिका काढणाऱ्यांचे आपण अन्नदाते. अशा प्रश्नाला हात लावायचा म्हणजे अनेकांच्या पोटावर पाय.

तरीही बदल्यांचा हंगाम आहे, आमच्या झाल्या तशी आपलीही करते आहे. सुगम क्षेत्रात आपली सेवा फार झाली. यापुढे माझ्या चाचणीत आपली नेमणूक अवघड क्षेत्रात : शेवटचं पान, तळाची ओळ, अर्धा गुण. बंधू (आ) यांना मी कार्यमुक्त केलं आहे, त्यांनी इथे फिरकू नये. आपल्या जागी नवे प्रश्न रुजू होतील. ‘२३ शतक आणि १७ दशक मिळून संख्या कोणती?’ असे एक आहेत. चाळीतल्या प्रत्येक खोलीत एकच भाडेकरू मानणारी मुलं तिथे २३१७ लिहितात, आणि त्यांच्याशी बोलायला मला जागा मिळते. ‘९९,९९० मध्ये किती मिळवले की लाख?’ असे दुसरे आहेत. तिसरे जरा आडमुठे आहेत, ते विचारतात, ‘७ हा अंक असा कुठे ठेवाल की संख्या सात लाखांहून थोडीच मोठी होईल?’, आणि त्यांची बरोबर उत्तरं इतकी निघतात की उत्तरसूचीच छापता येत नाही.

पालक विचारायला येतीलच, की बाई, यंदा गुण का कमी झाले. त्यांना बसवून मी आंब्याचं चित्र दाखवणार आहे, देठासकट.

आपली,
जिल्हा परिषद शाळेतली एक शिक्षिका, इयत्ता पाचवी

ता. क. : आपल्या गाइडच्या उत्तरसूचीत ‘४५,०३६ मध्ये शतक किती?’ याचं उत्तर ० छापलं आहे. पुढच्या आवृत्तीत ४५० करून घ्या. आणि खाली ‘सुटे किती उरले?’ असा पोटप्रश्न घालायचा असेल तर त्याचं उत्तर ३६.